गन अडकली? ओढू नका, आधी आत ढकला

रविवारी संध्याकाळी सातारा रस्त्यावरच्या एखाद्या हॉटेलच्या आवारात, इलेक्ट्रिक गाड्यांच्या फास्ट चार्जरपाशी तासभर थांबलात तर हे दृश्य दिसण्याची बरीच शक्यता आहे. एक जण दोन्ही हातांनी गन, म्हणजे गाडीच्या चार्जिंग पोर्टमध्ये बसणारं केबलचं टोक, धरून मागे रेलून ओढतोय, घरची मंडळी गाडीत बसून आहेत आणि रांगेतला पुढचा माणूस काच खाली करून "जोर लावा साहेब" म्हणतोय.

असा जोर मीही लावला आहे. कोल्हापूरहून परतताना खेड शिवापूरच्या आसपास थांबलो होतो. चार्जिंग संपलं, पण गन काही निघेना. चार-पाच हिसके दिले आणि पोर्टच्या कडेचं प्लॅस्टिक करकरलं. तेवढ्यात आवारातले वॉचमन काका चहाचा कप बाजूला ठेवून आले. त्यांनी गनखाली तळहात लावून ती बोटभर वर उचलली आणि गाडीच्या दिशेने दाबून धरली. मला म्हणाले, "आता रिमोट दाबा." कट्ट असा आवाज आला आणि गन त्यांच्या हातात अलगद आली.

गन सोडवायचे बहुतेक उपाय सोपे आहेत. चुकतो तो क्रम. शेवटचा उपाय आपण आधी करायला जातो आणि पहिला कधी करतच नाही. म्हणून खालच्या पायऱ्या दिल्या आहेत त्याच क्रमाने करा.

## गन धरून कोण ठेवतं?

आपल्याकडच्या बहुतेक इलेक्ट्रिक कार सीसीएस-२ प्रकारच्या गनने फास्ट चार्ज होतात. वरच्या भागात सात भोकांची गोल जागा आणि खाली डीसी प्रवाहाची दोन मोठी भोकं, ती हीच. या गनला स्वतःचं कुलूप नसतं. कुलूप गाडीच्या पोर्टमध्ये असतं. चार्जिंग सुरू होण्याआधी पोर्टमधली छोटी मोटर एक खिट्टी पुढे सरकवते, ती गनच्या खाचेत बसते आणि गन अडकते. ही खिट्टी नीट बसल्याशिवाय डीसी चार्जिंग सुरूच होत नाही.

म्हणजे चार्जरवर चिडून उपयोग नाही. हेल्पलाइनवाला फार तर सेशन (म्हणजे चार्जरवर सुरू असलेलं तुमचं चार्जिंग) बंद करील किंवा चार्जर रीबूट करील. खिट्टी मागे घेणं त्याच्या हातात नाही, ते काम गाडीचं.

खिट्टी मागे न येण्याची कारणं मोजकीच असतात: सेशन पूर्ण बंद झालेलं नसतं, गाडी लॉक असते, गनच्या वजनाने खिट्टीवर ताण आलेला असतो, गाडीचं सॉफ्टवेअर गोंधळलेलं असतं, १२ व्होल्टची बॅटरी बसलेली असते किंवा मोटरच बिघडलेली असते. पहिल्या तिन्हींवर हाताशी उपाय आहे. सगळ्यात आधी तेच तपासायचे.

## तयारी: घरी, दिवसाउजेडी

हे काम अडकल्यावर करायचं नाही. एखाद्या निवांत सकाळी पार्किंगमध्ये वीस मिनिटं काढा.

गाडीच्या मॅन्युअलमध्ये चार्जिंगचं प्रकरण उघडा आणि गन हाताने सोडवण्याबद्दल काय दिलंय ते वाचा. बऱ्याच गाड्यांमध्ये त्यासाठी दोरी किंवा बारीक केबल दिलेली असते. पोर्ट पुढे असेल तर ती सहसा बॉनेटखाली सापडते. पोर्ट मागच्या फेंडरवर असेल तर डिकीत, त्याच बाजूच्या अस्तरामागे किंवा छोट्या झाकणाआड असते. काही मॉडेलमध्ये अशी सोयच नसते. ती नसेल तर तेही आजच कळलेलं बरं, म्हणजे रात्री अकराला बॉनेटमध्ये टॉर्च घेऊन शोधाशोध होणार नाही.

दोरी दिसली की फोटो काढून फोनमध्ये ठेवा. मात्र गंमत म्हणून ओढून पाहू नका. ती रोज वापरण्यासाठी केलेली नसते.

गाडीत एवढं असू द्या: टॉर्च, कोरडं फडकं, झाकण उचकटायला प्लॅस्टिकची पट्टी आणि रोडसाइड असिस्टन्सचा नंबर. नंबर कागदावरही लिहून ठेवा, कारण फोनची बॅटरीही नेमकी अशाच वेळी संपते. रिमोटच्या आत लपलेली लोखंडी चावी कशी काढायची तेही एकदा करून बघा. अनेकांना ती आत असते हेच माहीत नसतं.

सावधान: हातमोजे घातले म्हणून फास्ट चार्जिंगच्या विजेपासून संरक्षण मिळतं असं समजू नका. बाजारातले साधे रबरी किंवा बागकामाचे मोजे या व्होल्टेजसाठी नसतात.

## पायरी १ : आधी नाक, मग डोळे, मग हात

गनला हात लावण्याआधी दोन पावलं मागे थांबून बघा. जळका वास, धूर, वितळलेलं प्लॅस्टिक, चरचर आवाज, किंवा जवळ हात नेल्यावर जाणवणारी झळ यांपैकी काहीही असेल तर पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठी नाहीत. चार्जरवरचं लाल बटण दाबा, माणसांना लांब न्या आणि ११२ किंवा १०१ ला फोन करा. गन तिथेच राहू द्या.

फास्ट चार्जिंगनंतर गन कोमट लागणं नेहमीचं आहे. हात ठेववत नाही इतकी गरम लागली तर मात्र काहीतरी बिघडलंय.

पाऊस असेल तर गनभोवती साचलेलं पाणी, चिखल आणि केबलला कुठे चीर गेली आहे का ते बघा. पोर्ट आणि गन पावसाचा विचार करूनच केलेले असतात, पण फाटक्या केबलचं तसं नसतं.

## पायरी २ : सेशन खरोखर बंद करा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. "१०० टक्के दाखवतंय" याचा अर्थ "सेशन बंद झालं" असा होत नाही.

ज्या मार्गाने सेशन सुरू केलं त्याच मार्गाने बंद करा. ॲपवरून सुरू केलं असेल तर ॲपवरून, कार्ड टेकवून केलं असेल तर तेच कार्ड पुन्हा टेकवून. मॉलच्या दुसऱ्या बेसमेंटमध्ये फोनला रेंज नसते आणि ॲप नुसतं फिरत राहतं. तिथे चार्जरच्या स्क्रीनवरचं स्टॉप बटण वापरा किंवा गाडीच्या स्क्रीनवरून चार्जिंग थांबवा. काही गाड्यांत पोर्टजवळही त्यासाठी बटण असतं.

आता थांबा. साधारण अर्धा मिनिट काहीच करू नका. या वेळात प्रवाह शून्यावर येतो, गाडीतले मोठे स्विच उघडतात, ते चिकटून तर बसले नाहीत ना हे तपासलं जातं आणि पोर्टवरचं व्होल्टेज ६० च्या खाली उतरतं. तोपर्यंत खिट्टी सुटू द्यायची नाही, असा नियमच आहे. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांच्या बॅटऱ्या ३०० ते ४०० व्होल्टच्या आसपास असतात, काहींच्या ८०० च्या घरात. एवढ्या व्होल्टेजचा डीसी प्रवाह चालू असताना जोड तुटला तर ठिणगी आपोआप विझत नाही. घरातला एसी प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यातून जातो, डीसी एकदाही जात नाही. ही खिट्टी आहे ती तुमच्या हातांसाठी.

तपासा: चार्जरवर आणि गाडीवर, दोन्हीकडे चार्जिंग थांबल्याचं दिसतंय का? पोर्टचा दिवा चार्जिंगचा रंग सोडून बदलला का? दोन्ही उत्तरं "हो" असली तरच पुढे.

लाल बटणाबद्दल: आग, धूर, शॉक असा धोका असेल किंवा कुठूनच सेशन बंद होत नसेल, तेव्हाच ते दाबा. घाईचा शॉर्टकट म्हणून नको. दाबल्यावर ते अडकून राहतं आणि चार्जर पुन्हा चालू करेपर्यंत मागची सगळी रांग खोळंबते. मग काय काय ऐकावं लागतं, ते पुणेकरांना सांगायला नको.

## पायरी ३ : गाडी अनलॉक करा, मग पुन्हा एकदा करा

गन चोरीला जाऊ नये किंवा कोणी खोडसाळपणे काढू नये म्हणून अनेक गाड्या दरवाजे लॉक असेपर्यंत गन सोडत नाहीत. तुम्ही मिसळ खायला जाताना सवयीने गाडी लॉक केलेली असते. परत येता, खिशातली चावी ओळखून दरवाजा उघडतो, पण काही गाड्यांत तेवढ्याने फक्त ड्रायव्हरचाच दरवाजा अनलॉक होतो, पोर्ट नाही.

म्हणून रिमोटचं बटण प्रत्यक्ष दाबा. आधी लॉक, दोन सेकंद थांबून अनलॉक. काही गाड्यांत दोनदा दाबावं लागतं. पोर्टजवळ कान ठेवा. मोटर फिरल्याचा बारीक "झुर्र" आणि पाठोपाठ "कट्ट" ऐकू येईल.

आवाज आला की रेंगाळू नका. काही गाड्या साधारण अर्ध्या मिनिटात खिट्टी परत पुढे सरकवतात. अनलॉक करून फोनवर बिल बघत बसलात की गन पुन्हा अडकते आणि आपल्याला वाटतं की ती सुटलीच नव्हती.

नुसता झुर्र आवाज आला आणि कट्ट ऐकू आलं नाही, तर मोटर प्रयत्न करतेय पण खिट्टी दाबली गेली आहे. पुढची पायरी तुमच्यासाठीच आहे.

## पायरी ४ : ढकला, उचला, मग काढा

फास्ट चार्जरची केबल जड असते. चार्जर आणि गाडी यांच्यात अंतर जास्त पडलं की ती ताणली जाते. गन किंचित खाली झुकते आणि खाचेची कड खिट्टीवर रुतते. दाराला आतून रेटा असताना कडी निघत नाही, दार थोडं ढकलून धरलं की निघते. इथेही तसंच. तुम्ही ओढता तेव्हा तो रेटा आणखी वाढवत असता.

ढकलण्याची रीत अशी:

१. केबल मोकळी करा. ती चाकाखाली, दुभाजकाच्या दगडाखाली किंवा शेजारच्या दुचाकीच्या स्टँडखाली अडकलेली नाही ना ते बघा. कोणी सोबत असेल तर त्याला गनपासून हातभर अंतरावर केबल उचलून धरायला सांगा.

२. एका हाताने मूठ धरा, दुसरा तळहात गनच्या खालून लावा. गन पोर्टच्या सरळ रेषेत येईल एवढी वर उचला. साधारण बोटभर. जास्त नाही.

३. तशीच धरून गाडीच्या दिशेने घट्ट दाबा. हिसका नको, सलग दाब हवा.

४. दाब कायम ठेवून रिमोटवर लॉक, मग अनलॉक. एकटे असाल तर रिमोट तोंडाजवळ धरण्याची कसरत करू नका, कोणालाही हाक मारा. "दादा, जरा हे बटण दाबता का?" एवढं विचारलं तर इथे कोणी नाही म्हणत नाही.

५. कट्ट ऐकू आलं की दाब सोडा आणि गन सरळ रेषेत मागे घ्या. वर-खाली किंवा डावी-उजवीकडे हलवत काढू नका. त्याने पिना वाकतात.

नाही निघाली तर तीन-चार वेळा करा. दर वेळी दाबाची दिशा किंचित बदला: थोडी वर, थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे. माझ्या अनुभवात बहुतेक अडकलेल्या गना इथेच सुटतात.

सावधान: डब्ल्यूडी-४०, खोबरेल तेल, साबणाचं पाणी असलं काही पोर्टमध्ये सोडू नका. धूळ तेलाला चिकटून बसते आणि विजेच्या जोडांवर तेलाचा थर चढतो. खाचेत स्क्रू-ड्रायव्हर तर मुळीच नको. खिट्टी प्लॅस्टिकची असो वा धातूची, तिच्या शेजारीच विजेच्या पिना आहेत.

## पायरी ५ : गाडीला झोपू द्या

खिट्टीचा आवाजच येत नसेल, पण स्क्रीन, दिवे, रिमोट सगळं व्यवस्थित चालत असेल तर गाडीच्या संगणकाचा गोंधळ झालेला असू शकतो. गाडी बंद करा, सगळे उतरा, दरवाजे-डिकी-बॉनेट लावा, लॉक करा आणि चावी घेऊन लांब जा. दहा-पंधरा मिनिटं. चावी खिशात ठेवून गाडीला टेकून उभे राहिलात तर काही गाड्या जाग्याच राहतात. परत येऊन अनलॉक करा आणि पायरी ४ पुन्हा करा.

तेवढ्या वेळात चार्जरवरच्या हेल्पलाइनला फोन लावा. चार्जरवर लिहिलेला आयडी सांगा आणि म्हणा: "सेशन तुमच्या बाजूने बंद करा आणि चार्जर रीबूट करा." चार्जरचा मेन स्विच मात्र तुम्ही स्वतः पाडू नका, ते काम तिथल्या माणसाचं.

मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात चार्जिंग चालू असताना वीज गेली तर हीच गोष्ट होते. चार्जर बंद पडतो, ॲपमध्ये सेशन "चालू" दिसत राहतं आणि गाडी उत्तराची वाट बघत बसते. अशा वेळी लाल बटण आधी दाबून ठेवा, म्हणजे तुम्ही गनशी झटापट करत असताना वीज आली तरी चार्जर जागा होणार नाही. मग पायरी ३ पासून सुरू करा.

## पायरी ६ : १२ व्होल्टची बॅटरी बघा

खिट्टीची मोटर मोठ्या बॅटरीवर नाही, १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर चालते. मोठी बॅटरी ९० टक्के भरलेली असली तरी छोटी बसली असेल तर गन सुटत नाही. लक्षणं सोपी आहेत: रिमोट चालत नाही, स्क्रीन काळी, आतला दिवा मंद किंवा बंद.

लोखंडी चावीने दार उघडा, बॉनेटचा खटका ओढा आणि मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या ठिकाणीच जंप स्टार्टर जोडा. आधी प्लस, मग अर्थिंगची जागा. वीज मिळाली की गाडी जागी होते आणि बहुतेक वेळा अनलॉक दाबल्यावर गनही सुटते. जंप स्टार्टर नसेल आणि हे काम आधी कधी केलं नसेल तर रोडसाइड असिस्टन्सला बोलवा.

लक्षात ठेवा: अनेक गाड्यांची डिकी विजेवर उघडते. छोटी बॅटरी बसली आणि दोरी डिकीत असली तर मागची सीट पाडून आतून रांगत जावं लागतं. वाचायला मजेशीर वाटतं, पण सामानाने भरलेल्या डिकीत अजिबात नाही.

## पायरी ७ : दोरी, आणि तीही दोघांनी

इथवर सगळं केलं असेल तरच.

आधी तीन गोष्टींची खात्री करा. सेशन दोन्हीकडे बंद आहे. लाल बटण दाबलेलं आहे किंवा चार्जर पूर्ण बंद आहे. गन गरम नाही. दोरी ओढली की खिट्टी थेट सरकते, व्होल्टेज उतरलं की नाही हे गाडी तुम्हाला विचारत बसत नाही. वरची खात्री ही त्या तपासणीच्या जागी आहे, म्हणून ती वगळू नका. चार्जर अजून चार्जिंग दाखवत असेल आणि कशानेच थांबत नसेल तर दोरीला हात लावू नका, मदत बोलवा.

बॉनेट किंवा डिकीतलं झाकण प्लॅस्टिकच्या पट्टीने अलगद काढा. आत नारिंगी रंगाच्या जाड केबल दिसतील. त्या उच्च दाबाच्या आहेत, त्यांना आणि त्यांच्या जोडांना स्पर्श करायचा नाही. दोरी वेगळी ओळखू येते: बारीक, टोकाला लूप किंवा छोटी मूठ असलेली. खात्री नसेल तर फोनमधला फोटो बघा.

एकाने गनपाशी उभं राहून पायरी ४ प्रमाणे ती उचलून आत दाबायची. दुसऱ्याने दोरी ती जशी बाहेर आली आहे त्याच दिशेने, हळू पण सलग ओढायची. काटकोनात नाही, झटक्याने नाही. दोरीचं दुसरं टोक मोटरच्या छोट्या दांडीला अडकवलेलं असतं, हिसक्याने ते तुटलं की हा मार्गही बंद. खिट्टी सरकल्याचं बोटांना जाणवतं. दुसऱ्याने "आली" म्हणायचं, दोरी तशीच ताणून धरायची आणि पहिल्याने गन सरळ मागे घ्यायची. गन पूर्ण बाहेर आल्यावरच दोरी सोडायची.

दोन-तीन प्रयत्नांत झालं नाही तर थांबा. जोर वाढवून काही होणार नाही. गन लागलेली असताना गाडी पुढे जात नाही, आणि टोइंगवाल्यालाही ती तशीच ओढू देऊ नका. रोडसाइड असिस्टन्सला फोनवर नेमकं सांगा: "डीसी गन पोर्टमध्ये लॉक आहे, सेशन बंद आहे, इमर्जन्सी दोरी ओढून झाली." नुसतं "गाडी बंद पडली" म्हणालात तर पंक्चर काढणारा मुलगा स्टेपनी घेऊन येतो.

## घरची स्लो गन अडकली तर

बहुतेक गाड्यांत खिट्टी तीच असते, त्यामुळे रीतही तीच. फरक एवढाच की आधी भिंतीवरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटचं बटण बंद करा, मग पायरी ३ आणि ४. जिथे केबल तुमची आणि चार्जरला फक्त सॉकेट, अशा एसी चार्जरवर दुसरं टोकही अडकू शकतं. ते टोक चार्जर धरून ठेवतो, म्हणून तिथे मात्र हेल्पलाइनचा खरा उपयोग होतो. ते बऱ्याचदा लांबून सोडवू शकतात.

## गन सुटल्यावर

टॉर्च मारून पोर्ट आणि गन, दोन्ही बघा. काळा डाग, वितळलेली कड, वाकलेली पिन दिसली तर फोटो काढा आणि त्या गनचा वापर करू नका, मागच्या माणसालाही सांगा. खाचेत चिखल किंवा धूळ असेल तर कोरड्या फडक्याने बाहेरूनच पुसा. पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात बांधकामांच्या धुळीचा चिखल होतो आणि तो हमखास तिथेच जाऊन बसतो.

ॲपमध्ये सेशन बंद झालं आणि बिल थांबलं का ते बघा. लाल बटण दाबलं असेल तर हेल्पलाइनला तसं कळवा, म्हणजे चार्जर पुन्हा सुरू होईल. गाडी चालू करून "केबल जोडलेली आहे" असा संदेश अजून येतोय का ते तपासा. येत असेल तर पोर्टचं झाकण उघडून-लावून, गाडी पुन्हा लॉक-अनलॉक करून बघा.

दोरी वापरावी लागली असेल तर पुढच्या फास्ट चार्जिंगवर विसंबून महाबळेश्वरला निघू नका. आधी घरी स्लो गन लावून खिट्टी बसते आणि सुटते का ते दोन-तीनदा पाहा. खिट्टी बसली नाही तर फास्ट चार्जिंग सुरूच होणार नाही, आणि ते तुम्हाला घाटाच्या पायथ्याशी कळेल.

निघण्यापूर्वी गन तिच्या खाचेत नीट ठेवा आणि केबल हुकला गुंडाळा. जमिनीवर टाकून गेलात तर रांगेतली पुढची गाडी घाईत तिच्यावरूनच आत येते.